कुर्स्कच्या नवव्या कप्प्यातले आठ तास

माझा भाचा संभाजीनगरला खोली घेऊन एनडीएच्या परीक्षेची तयारी करतोय. परवा मित्रांबरोबर त्यानं बुडालेल्या रशियन पाणबुडीवरचा, २०१८ चा ‘कुर्स्क’ हा चित्रपट पाहिला आणि रात्री साडेबाराला मला भलामोठा मेसेज धाडला. "मामा, ते २३ जण खरंच इतके दिवस जिवंत होते का? नॉर्वेची, ब्रिटनची मदत लगेच घेतली असती तर वाचले असते का? १०८ मीटरच तर खोली होती, मग दार उघडून वर का नाही आले? आपल्या बोटीचं असं झालं तर काय?" आणि शेवटी, "तुम्ही आत असता तर काय केलं असतं?"

मी नौदलात १९ वर्षं काढली, त्यातली बरीचशी पाणबुडीवर, इंजिनाच्या बाजूला. फोनवर हे सांगून भागायचं नाही, म्हणून बसून लिहितोय.

आधी सिनेमाबद्दलचं माझं मत सांगून टाकतो. दिग्दर्शक थॉमस विंटरबर्ग यांनी माणसं मनापासून उभी केली आहेत. लग्नासाठी घड्याळं विकणारे खलाशी, थंडीत एकमेकांना चिकटून बसलेली पोरं, एका दमात पाण्याखालून ऑक्सिजनचे डबे आणायला गेलेले दोघं, हे बघताना माझा श्वास अडकला. पण सिनेमानं एक गोष्ट ताणली आहे, ती म्हणजे वेळ. वर बैठका, नकार, होकार चालू आहेत आणि खाली माणसं श्वास घेत वाट बघताहेत, असं तो दाखवतो. अधिकृत चौकशीनुसार ती माणसं साधारण आठ तास जगली. एवढा एक फरक केला की दोष कुणाचा, कधीचा, हे सगळंच बदलतं. यावर मी थोडं सविस्तर लिहिणार आहे.

काय घडलं ते थोडक्यात. १२ ऑगस्ट २०००, शनिवार. रशियाच्या उत्तरी आरमाराचा बॅरेंट्स समुद्रात सराव चालू होता. कुर्स्क ही १५४ मीटर लांबीची अणुपाणबुडी, आत ११८ माणसं. ती सरावाचा एक टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारं अस्त्र, सोडणार होती. स्फोटक नसलेला, नुसता धावून दाखवणारा. पण त्याच्या पोटात इंधन म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. मेडिकलवर मिळणारं हे औषध तू गुडघा फुटल्यावर लावलेलं आहेस, जखमेवर टाकलं की फसफसतं. ते तीन-सहा टक्क्यांचं असतं. टॉर्पेडोतलं कितीतरी पट तीव्र असतं. ते गळून तांब्या-पितळेला लागलं की क्षणात वाफ आणि ऑक्सिजन होऊन हजारो पट फुगतं. शेजारी रॉकेलसारखं इंधन असतंच. ब्रिटिशांची ‘सिडन’ ही पाणबुडी १९५५ मध्ये बंदरात उभी असतानाच अशा टॉर्पेडोनं फुटली, १३ जण गेले, आणि त्यांनी हे इंधन सोडून दिलं. रशियानं वापरणं चालू ठेवलं होतं.

सकाळी ११ वाजून २८ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्यानंतर १३५ सेकंदांनी दुसरा. पहिल्याच्या आगीत बाकीचे खरे टॉर्पेडो तापून उडाले होते. दुसरा स्फोट नॉर्वेच्या भूकंपमापकांवर ४.२ तीव्रतेचा नोंदला गेला. आपल्या किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. आकड्यात फरक दोनचा दिसतो, पण ऊर्जेत तो हजार पटीचा असतो. तरी एका लोखंडी नळीच्या तोंडाशी ४.२ म्हणजे काय, याचा विचार कर. पुढच्या कप्प्यांत कुणी वाचायचा प्रश्नच नव्हता. मधल्या अणुभट्टीच्या कप्प्याच्या जाड भिंतींनी तडाखा सोसला, दोन्ही भट्ट्या आपोआप बंद पडल्या आणि किरणोत्सार बाहेर आला नाही. त्या भिंतींच्या मागं, सहाव्या ते नवव्या कप्प्यात, २३ माणसं उरली.

त्यांच्यातला एक कॅप्टन-लेफ्टनंट दिमित्री कोलेस्निकोव. वय २७, सातव्या कप्प्याचा प्रमुख, टर्बाइनचा माणूस. सिनेमात त्याच्या जागी मिखाईल आवेरिन हे बदललेल्या नावाचं पात्र आहे. कोलेस्निकोवनं सगळ्यांना शेवटच्या नवव्या कप्प्यात गोळा केलं, कारण बाहेर पडायची हॅच तिथं होती. मग दुपारी १३.१५ ला लिहून ठेवलं की सहाव्या, सातव्या, आठव्यातले सगळे नवव्यात आले आहेत, आम्ही २३ जण आहोत, आमच्यातला कुणीही वर जाऊ शकत नाही. नावांची यादी केली. १५.१५ ला पुन्हा लिहिलं की इथं लिहायला अंधार आहे, चाचपडत लिहितोय, संधी दहा-वीस टक्के वाटते, काही जण बाहेर पडायचा प्रयत्न करतील, सगळ्यांना नमस्कार, निराश होऊ नका. हा कागद ऑक्टोबर २००० मध्ये त्याच्या खिशात सापडला.

आता आठच तास का. तुझ्या पणजोबांच्या वाड्यात पेव होतं, आठवतं? ज्वारी साठवायचं ते जमिनीखालचं कोठार. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. आत पाणी नसतं, आग नसते, नुसती ज्वारी असते. पण ज्वारीनं श्वास घेऊन घेऊन हवा खाल्लेली असते. आमच्या लहानपणी शेजारच्या गावात घाईनं उतरलेला एक माणूस आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, दोघंही पेवातच राहिले. पाणबुडीच्या शाळेत मला कार्बन डायऑक्साइड पहिल्यांदा शिकवला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच पेव आलं.

नववा कप्पा म्हणजे माणसांनी भरलेलं पेव होतं. कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांवर गेला की धाप लागते, डोकं ठणकतं. दहाच्या आसपास शुद्ध जाते. त्यात पाणी झिरपत असेल तर कप्प्यातली हवा दाबली जाते. दाब चौपट झाला की एक टक्का वायू चार टक्क्यांसारखा बाधतो. सिनेमात ही पोरं शेवटपर्यंत स्पष्ट बोलतात, गातात, एकमेकांचे चेहरे त्यांना दिसतात. तिथं खरं तर काळोख होता, पाणी बर्फाच्या जवळपास गार होतं आणि बोलणं म्हणजे हवा खर्च करणं होतं. पडद्यावर काळोख दाखवता येत नाही हे मला समजतं. पण तू पुन्हा बघशील तेव्हा एक दृश्य डोळे मिटून नुसतं ऐक.

हवा शुद्ध करायला रशियन बनावटीच्या पाणबुड्यांवर रसायनाच्या चकत्या असतात. त्या कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि ऑक्सिजन सोडतात. जीव वाचवणारी वस्तू आहे, पण तिला तेल आणि पाणी एकत्र लागलं की भडका उडतो. आम्हाला त्या हाताळायला शिकवणारे जुने चीफ पोरांचे तळवे तपासायचे, कुठं ग्रीसचा डाग तर नाही ना. एका पोराला नखाखालच्या काळ्या रेघेसाठी पुन्हा हात धुवायला पाठवलेलं मी पाहिलंय. नवव्या कप्प्यात गुडघ्याएवढ्या पाण्यावर तेलाचा थर, हात गारठलेले, डोळ्यांना काही दिसत नाही, धाप लागलेली, अशा अवस्थेत कुणाच्या तरी हातून एक चकती पाण्यात पडली. भडक्यात काही जण भाजून गेले आणि उरलेला ऑक्सिजन आगीनं खाल्ला. मागं राहिला तो कार्बन मोनॉक्साइड. सिनेमानं हा प्रसंग दाखवलाय आणि तो बराचसा खरा आहे. फक्त तो कितीतरी आधी घडला.

दार उघडून वर का आले नाहीत, हा प्रश्न मला लोक नेहमी विचारतात. १०८ मीटर म्हणजे ३५४ फूट. आपल्या औसा-निलंग्याकडं कितीतरी बोअर याहून खोल गेलेत. पाणबुडी खोलीपेक्षा लांब होती. शेपटीवर उभी केली असती तर तिचं ४६ मीटर अंग पाण्याबाहेर राहिलं असतं. इतकी जवळ. पण तिथला दाब वरच्यापेक्षा जवळजवळ बारा पट. हॅच सरळ उघडत नाही. सुटकेच्या छोट्या कोठीत शिरायचं, ती पाण्यानं भरायची, आतला दाब बाहेरच्या बरोबरीला आणायचा, तेव्हा दार हलतं. मग वर जाताना छातीतली हवा बारा पट फुगायला बघते. सतत सोडत राहिलं नाही तर फुप्फुस फाटतं. आणि जो माणूस काही तास दाबाच्या हवेत बसलाय त्याच्या रक्तात नायट्रोजन मुरलेला असतो. झपकन वर आला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात. एवढं करून वर पोचला, तर वर त्याला उचलायला कोण होतं? कुणीच नाही. त्या गार पाण्यात सूट घातलेला माणूसही फार टिकत नाही. कोलेस्निकोवनं हे सगळं मनात मोजलं असणार. म्हणूनच आधी लिहिलं की कुणी वर जाऊ शकत नाही, आणि दोन तासांनी लिहिलं की काही जण प्रयत्न करतील. त्या दोन तासांत आशा वाढली होती की हवा संपत आली होती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता मदतीचं. रशियानं ब्रिटन आणि नॉर्वेची मदत १६ ऑगस्टला स्वीकारली. २१ ऑगस्टला नॉर्वेच्या पाणबुड्यांनी, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या माणसांनी, नवव्या कप्प्याची हॅच उघडली. आत पाणी होतं. सिनेमा बघून वाटतं की हे चार दिवस आधी झालं असतं तर पोरं जगली असती. आठ तासांचा हिशोब धरला तर ती शनिवारी रात्रीच गेली. याच्यावर वाद आहेत, काही जण जास्त काळ धरतात. पण हे बघ: सरावातल्या ‘प्योत्र वेलिकी’ या मोठ्या जहाजावर स्फोटाची चाहूल तेव्हाच लागली होती, कुर्स्कशी संपर्क तुटला होता, तरी आरमारानं आणीबाणी जाहीर केली रात्री साडेअकराला. बारा तासांनी. वर घंटा वाजली तेव्हा खाली बहुधा ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

मग परदेशी मदतीला झालेला उशीर माफ होतो का? नाही. याचं कारण मी पुस्तकात वाचलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली तेव्हा मी १६ वर्षांचा होतो. आमचं गाव पडलं नाही. वडील मला घेऊन किल्लारीच्या बाजूला गेले. माळवदाची घरं, दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, सगळं खाली आलेलं. एका ढिगाऱ्यातून बाईचा आवाज येत होता. आम्ही हातांनी, टोपल्यांनी माती उपसत होतो. दुपारनंतर आवाज बंद झाला. मी थांबलो. वडील थांबले नाहीत. लष्कराचे जवानही थांबले नाहीत. डोळ्यांनी दिसेपर्यंत उपसायचं, एवढंच ते म्हणत होते. ती बाई गेलेली होती. पण तिच्या कुशीतलं लेकरू जिवंत निघालं.

बॅरेंट्स समुद्राच्या वर असलेल्या कुणालाही ‘आठ तास’ माहीत नव्हते. तो आकडा प्रेतं तपासल्यावर आला. ज्या दिवशी मदत नाकारली त्या दिवशी ती माणसं जिवंतच धरायला हवी होती. उलट, ठोके ऐकू येताहेत असं त्यांचेच अधिकारी जगाला सांगत होते. चौकशीनं पुढं म्हटलं की ते ठोके कुर्स्कमधले नव्हते. पण आत कुणीतरी ठोकतंय असं मानूनही चार दिवस शेजाऱ्याला हाक मारली नाही, हा अपराध माझ्या लेखी तेवढाच राहतो.

वाचवण्याची खरी संधी मात्र त्याच्या खूप आधी गेली होती. सिनेमा इथं घाईनं पुढं सरकतो, म्हणून तुला सांगतो. बुडाल्यावर आपोआप सुटून वर येणारा आणि जागा दाखवणारा तरंगता गोळा कुर्स्कवर होता. आदल्या वर्षीच्या भूमध्य समुद्रातल्या फेरीत तो चुकून सुटून ठावठिकाणा उघडा पडेल म्हणून बंद केला होता आणि पुन्हा चालू केला गेला नाही. आरमाराकडं सुटका-पाणबुडी होती, तिचं मोठं जहाजही होतं. पण बॅटऱ्या जुन्या. खाली उतरायचं, हॅचला चिकटायला बघायचं, आणि जमेपर्यंत बॅटरी संपायची. मग वर येऊन तासन्‌तास चार्जिंग. माणूस बदलला, पण बॅटरी तीच. हे सिनेमानं फार चांगलं दाखवलंय. आमच्यात बोटीची बॅटरी बघणारा माणूस रोज सेलमधल्या पाण्याची घनता वहीत लिहायचा, कुणी विचारो न विचारो. त्या वहीचं महत्त्व मला कुर्स्कनंतर कळलं. मी तेव्हा विशाखापट्टणमला होतो, २३ वर्षांचा. बातम्या तुटक यायच्या. मेसमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

सिनेमातला माझ्या मते सगळ्यात खरा भाग किनाऱ्यावरचा आहे. विद्यायेवो या तळाच्या गावातल्या बायका. ११८ कुटुंबांना आपला माणूस त्या बोटीवर होता की नव्हता हेच दिवसेंदिवस सांगितलं नव्हतं. शेवटी एका रशियन वृत्तपत्रानं एका अधिकाऱ्याला १८,००० रूबल देऊन यादी मिळवली आणि छापली. बायकांनी नवऱ्याचं नाव पेपरात शोधलं. एका सभेत मंत्र्यांना जाब विचारणाऱ्या आईला कॅमेऱ्यासमोर मागून इंजेक्शन देऊन शांत करण्यात आलं. हे सगळं घडलेलं आहे. मरत असलेल्या २७ वर्षांच्या पोरानं काळोखात २३ नावांची हजेरी घेतली, आणि वर दिवे लावलेल्या कार्यालयांत ११८ नावांची यादी तयार असून ती दिली नाही. सिनेमात पुतिन दिसत नाहीत, नावं बदलली आहेत, रशियन माणसं इंग्रजी बोलतात, याबद्दल लोक भांडतात. मला त्याचं काही वाटत नाही. ही यादीची गोष्ट पडद्यावर अजून ठसायला हवी होती, एवढीच माझी तक्रार आहे.

आपल्या बोटीचं विचारलंस. आमची शाळा विशाखापट्टणमची, ‘आयएनएस सातवाहन’. पैठणहून राज्य करणाऱ्या आणि नाण्यांवर शिडाची जहाजं पाडणाऱ्या त्याच सातवाहनांचं नाव. समुद्र नसलेल्या मराठवाड्यातून गेलेल्या पोराला त्या पाटीचा किती आधार वाटला होता, काय सांगू. तिथं २०२४ मध्ये सुटकेच्या प्रशिक्षणासाठी ‘विनेत्र’ हे नवं केंद्र सुरू झालं. आपल्याकडं खोल समुद्रातल्या सुटकेसाठी दोन छोट्या पाणबुड्या आहेत. पहिली २०१८ मध्ये मुंबईला दाखल झाली, दुसरी विशाखापट्टणमला असते. ६५० मीटरपर्यंत उतरतात, एका खेपेला १४ जणांना आणू शकतात. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ बेपत्ता झाली तेव्हा विशाखापट्टणमची तुकडी लगेच निघाली होती. ती बोट ८३८ मीटरवर तुटलेली सापडली, ५३ जण गेले. पण हाक आल्याच्या दुसऱ्याच दिवशी माणसं निघाली.

कुर्स्कनंतर जगभरच्या पाणबुडी-सुटकेचा समन्वय करणारं कार्यालय २००३ मध्ये उभं राहिलं. ऑगस्ट २००५ मध्ये रशियाचीच एक छोटी सुटका-पाणबुडी कामचाटकाजवळ केबल आणि जाळ्यांत अडकली. या वेळी त्यांनी वेळ न घालवता मदत मागितली. ब्रिटिशांचं दूरनियंत्रित यंत्र विमानानं आलं, जाळी कापली आणि सातही माणसं जिवंत वर आली. कुर्स्कवर सिनेमा निघाला, त्या सात जणांबद्दल तुझ्या खोलीतल्या एकालाही माहीत नसेल. त्यांना सांग.

शेवटचा प्रश्न, मी आत असतो तर. मी मशीनचा माणूस, कोलेस्निकोवसारखाच मागच्या कप्प्यातला. पाणबुडीवर दिवा गेला की पहिली शिकवण एकच: जागेवर उभं राहायचं आणि नाव सांगायचं. चीफ आडनावं पुकारतो, काळोखातून आवाज येतात. सरावात मी हे कितीदा केलंय. म्हणून मला वाटतं मीही आधी माणसं मोजली असती. पुढचं मला वाटतं तसं झालं असतं असं मी म्हणणार नाही. ते ज्यांनी केलं त्यांचंच.

आणि एक. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या गोदीत आपल्या ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले, १८ जण गेले. मी त्या रात्री विशाखापट्टणमला ड्यूटीवर होतो, फोन बाहेर लॉकरमध्ये. तुझ्या आईला मी कुठल्या बोटीवर, कुठल्या शहरात, एवढं नेमकं कधी माहीतच नव्हतं. टीव्हीवर नुसतं ‘पाणबुडी’ ऐकून ती सकाळपासून फोन लावत होती. दुपारी मी लॉकर उघडला आणि तिला फोन केला. ती काही बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. तू तेव्हा लहान होतास, मागं रडत होतास.

तिला हा सिनेमा दाखवलास का? नसशील दाखवला तर इतक्यात दाखवू नकोस. दिवाळीला मी औशाला येतोय. तिच्या शेजारी बसून बघू, आणि तुझ्या फॉर्मवर नौदल कितव्या क्रमांकाला टाकायचं ते तिच्यासमोरच बोलू.